७२६ अंडी आणि एक एच-इंडेक्स

तुमचे पत्र मिळाले. प्राणिशास्त्राच्या एम. एस्‌सी.साठी तुम्हाला एका विकासजीवशास्त्रज्ञाच्या, म्हणजे अंड्यापासून प्राणी कसा घडतो याचा अभ्यास करणाऱ्याच्या, संशोधनकार्यावर सेमिनार द्यायचा आहे. त्यासाठी तुम्ही जॉन गर्डन यांना निवडले आहे आणि त्यांच्या निबंधांची यादी, सायटेशनचे (इतरांनी दिलेल्या संदर्भांचे) आकडे, एच-इंडेक्स व पुरस्कारांची जंत्री जमवून ठेवली आहे. या साऱ्यावरून त्यांच्या कामाचा प्रभाव किती, हे नेमके कसे सांगायचे, असा तुमचा प्रश्न आहे. शेवटी, काहीशा संकोचाने, गोव्यात राहून या विषयात काही करता येण्याजोगे आहे का, असेही तुम्ही विचारले आहे. मी पंचवीसहून अधिक वर्षे भ्रूणविज्ञान शिकवतो आहे आणि कोंबडीच्या भ्रूणांवर थोडेफार कामही केले आहे, त्यामुळे दोन्ही प्रश्नांवर मला बोलावेसे वाटते आणि उत्तर थोडे लांबणार आहे.

एच-इंडेक्स ही कल्पना २००५ साली हिर्श नावाच्या एका भौतिकशास्त्रज्ञाने मांडली. एखाद्या संशोधकाच्या वीस निबंधांचा इतरांनी प्रत्येकी निदान वीस वेळा संदर्भ दिला असेल, तर त्याचा एच-इंडेक्स वीस. हिशेब सोपा आहे आणि नेमणुकीच्या मुलाखतीला बसलेल्या, पण उमेदवाराचा विषय न जाणणाऱ्या माणसाला तो फारच सोयीचा पडतो. आमच्या विषयात मात्र तो कुठे तोंडावर आपटतो, हे पाहायचे असेल तर हिल्डे मांगोल्ड यांचे नाव घ्यावे. जर्मनीत फ्रायबुर्गला हान्स श्पेमान यांच्या हाताखाली पीएच.डी. करताना त्यांनी न्यूटच्या (सरड्यासारख्या दिसणाऱ्या, बेडकाच्या नात्यातल्या प्राण्याच्या) अगदी कोवळ्या भ्रूणाचा एक विशिष्ट तुकडा, ब्लास्टोपोरचा वरचा ओठ (भ्रूणाच्या पेशी जिथून आत वळतात त्या छिद्राची वरची कड), काढून दुसऱ्या भ्रूणाच्या पोटाकडच्या बाजूला बसवला. तिथे मज्जारज्जूसकट दुसरे शरीर आकार घेऊ लागले. तो निबंध १९२४ साली छापून आला आणि त्याच वर्षी सप्टेंबरात, घरात हीटरचा भडका उडून, वयाच्या पंचविसाव्या वर्षी त्या गेल्या. श्पेमान यांना १९३५ साली नोबेल मिळाले ते मुख्यतः याच कामासाठी. या एका निबंधावर मांगोल्ड यांचा एच-इंडेक्स काढला तर तो १ भरतो. गेल्या शंभर वर्षांत भ्रूणविज्ञानाचे असे एकही बरे पाठ्यपुस्तक निघाले नसेल, ज्यात त्या प्रयोगाचे चित्र नाही.

या प्रयोगात एक बारकावा आहे. तो नीट ध्यानात घ्या, कारण गर्डन यांच्याकडे जाताना तोच उपयोगी पडणार आहे. मांगोल्ड यांनी तुकडा घेतला तो फिकट रंगाच्या न्यूटचा आणि बसवला गडद रंगाच्या दुसऱ्या जातीच्या न्यूटवर. त्यामुळे नव्याने उभ्या राहिलेल्या शरीरात कोणती पेशी पाहुणी आणि कोणती यजमानाची, हे सूक्ष्मदर्शकाखाली रंगावरून सांगता आले. पाहुण्या तुकड्याने स्वतः फारसे काही बांधले नव्हते, त्याने यजमानाच्या पेशींकडून ते बांधून घेतले होते. आणि हा निष्कर्ष काढता आला तो केवळ त्या रंगाच्या खुणेमुळे. खूण नसती, तर एक विचित्र जोडभ्रूण एवढीच त्या प्रयोगाची किंमत राहिली असती. कोणाही विकासजीवशास्त्रज्ञाचे काम वाचायला घेताना मी पहिला प्रश्न हाच विचारतो, की ही पेशी तिथूनच आली हे याला कसे कळले.

आता गर्डन. शाळेत जीवशास्त्रात अडीचशे मुलांत ते शेवटचे आले होते आणि शिक्षकांनी त्यांच्या वैज्ञानिक होण्याच्या इच्छेची रेवडी उडवली होती, ही गोष्ट तुमच्या पहिल्याच स्लाइडवर आहे. ती गोष्ट खरी आहे. ते प्रगतिपुस्तक त्यांनी पुढे चौकटीत घालून जपले होते. तरीही ती स्लाइड काढून टाका, असे मी सुचवीन. तिच्यातून गर्डन यांच्याबद्दल काहीच कळत नाही, आणि पहिली दोन मिनिटे ऐकणारे हसतात ते नंतर तक्त्याकडे लक्ष देत नाहीत, असा माझा अनुभव आहे.

त्या काळातला प्रश्न असा होता. एका फलित अंड्यापासून स्नायू, कातडी, आतडे, मेंदू हे सगळे घडते. घडताना आतड्याची पेशी नको असलेले जनुक कायमचे टाकून देते, की ते जवळ ठेवूनच गप्प बसवते? उत्तर काढायचा सरळ उपाय म्हणजे वाढलेल्या पेशीचे केंद्रक काढून ते केंद्रक नसलेल्या अंड्यात घालायचे आणि पूर्ण प्राणी होतो का ते बघायचे. अमेरिकेत रॉबर्ट ब्रिग्ज आणि टॉमस किंग यांनी १९५२ साली बेडकाच्या अंड्यात हे करून दाखवले. सुरुवातीच्या, ब्लास्टुला (पेशींचा पोकळ गोळा) अवस्थेतल्या पेशींची केंद्रके घेतली तेव्हा बेडूकमासे निघाले, पण भ्रूण जसजसा मोठा घ्यावा तसतसे यश आटत गेले. त्यामुळे पेशी पुढे गेली की तिच्या केंद्रकात न परतणारा बदल होतो, असे वाटायला सबळ जागा होती.

ऑक्सफर्डला मायकेल फिशबर्ग यांनी हाच विषय पीएच.डी.साठी गर्डन यांना दिला, मात्र दुसऱ्या बेडकावर. झेनोपस हा दक्षिण आफ्रिकेतला पाणबेडूक तेव्हा युरोपातल्या प्रयोगशाळांत सहज मिळे, आणि त्यामागचे कारण मजेशीर आहे: गरोदर बाईच्या लघवीचे इंजेक्शन दिले की त्याची मादी अंडी घालते, म्हणून गरोदरपणाच्या चाचणीसाठी तो पाळला जात असे. ऋतूची वाट न पाहता वर्षभर केव्हाही अंडी मिळणे ही भ्रूणशास्त्रज्ञाच्या दृष्टीने केवढी चैन आहे, ते आपल्याकडे पावसाच्या पहिल्या आठवड्यात डबक्यांमागे धावलेल्याला विचारावे. अडचण एकच होती. झेनोपसच्या अंड्याभोवतीचा बुळबुळीत थर इतका चिवट असतो की काचेची सुई आत जातच नव्हती. अंड्याचे स्वतःचे केंद्रक मारण्यासाठी आणलेल्या अतिनील किरणांनी तो थरही मऊ पडतो असे दिसून आले आणि वाट मोकळी झाली.

शिवाय त्याच प्रयोगशाळेत योगायोगाने एक उत्परिवर्ती (जनुकांत बदल झालेला) बेडूक सापडला होता. नेहमीच्या झेनोपसच्या पेशीत केंद्रकाच्या आत दोन न्यूक्लिओलस, म्हणजे दोन ठिपके, दिसतात, या बेडकाच्या पेशीत एकच दिसे. गर्डन यांनी पाहुणे केंद्रक म्हणून एक ठिपक्याचे वापरले आणि अंडी दोन ठिपक्यांच्या मादीची घेतली. निघालेल्या बेडूकमाशाच्या पेशीत एक ठिपका असेल तर तो रोपलेल्या केंद्रकापासूनच आला. दोन असतील तर अंड्याचे मूळ केंद्रक मेलेच नव्हते आणि तो बेडूकमासा हिशेबातून बाद. मांगोल्ड यांच्याकडे जे काम रंगाने केले, ते इथे ठिपक्याने केले.

डिसेंबर १९६२ मध्ये प्रसिद्ध झालेला निबंध तुम्ही यादीत घातला आहे, पण तो उघडून वाचलेला दिसत नाही. त्यावर एकट्या गर्डन यांचे नाव आहे. (विद्यार्थ्याच्या निबंधावर स्वतःचे नाव न घालणारे गाईड आज किती मिळतील, हा प्रश्न मी इथेच सोडतो.) त्यातला हिशेब असा आहे: खायला लागलेल्या बेडूकमाशांच्या आतड्याच्या अस्तरातल्या पेशींची केंद्रके त्यांनी ७२६ अंड्यांत घातली आणि त्यातून नीट वाढलेले, खाऊ लागलेले बेडूकमासे निघाले १०. शेकडा दीडही नाही.

हा आकडा वाचताना तो हाताने किती भरतो, ते डोळ्यांसमोर आणा. ते कसे आणायचे, यासाठी माझाच एक अनुभव सांगतो. काही वर्षांपूर्वी प्रात्यक्षिकासाठी ठरलेली फलित अंडी ऐन वेळी आली नाहीत, म्हणून मी शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात जाऊन गावठी अंडी आणली. दुकानातली पांढरी अंडी आमच्या कामाची नसतात, कारण त्या कोंबड्यांनी कोंबडा पाहिलेलाच नसतो. तीस अंडी आणली आणि ३८ अंशांवर तेहतीस तास उबवली. रात्री दीड तास लाईट गेली, उबवणी-पेटी गार पडली, ती मी गोधडीत गुंडाळून ठेवली. दुसऱ्या दिवशी मुलांनी एकेक अंडे कोमट मिठाच्या पाण्यात फोडले, बलकावर गाळण-कागदाचे कडे ठेवले, त्याच्या कडेने कात्री फिरवली आणि कडे उचलून घड्याळ-काचेत पालथे घातले. तीसपैकी अकरांत भ्रूण होता. त्या अकरांपैकी तिघांचीच वाढ तेहतीस तासांना शोभेशी होती: डोक्याची घडी, पाठीच्या मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना जोंधळ्याच्या दाण्यांसारखे सोमाइट (ज्यांच्यापासून पुढे मणके आणि स्नायू होतात ते पेशींचे गोळे), आणि एकात तर आम्ही पाहत असतानाच हृदयाच्या नळीने पहिला झटका दिला, मग बराच वेळ काही नाही, मग पुन्हा एक. बाकीचे आठ कोणी मागे, कोणी पुढे, कोणी वेडेवाकडे.

मुलांनी वहीत त्या तिघांची चित्रे काढली. एका मुलीने मात्र तीसही अंड्यांचा तक्ता केला आणि विचारले की ही आठ अशी का. उत्तर सापडले ते बाजारात. कोंबडीचा भ्रूण साधारण वीस-एकवीस अंशांखाली थांबून राहतो. त्याच्यावर, आपल्या मे महिन्यातल्या तेहतीस अंशांत, टोपलीत पडल्या पडल्याच तो रेंगाळत वाढू लागतो आणि पुरेशी ऊब नसल्यामुळे बिघडतो. बाई कुठल्या टोपलीतून कोणत्या दिवसाचे अंडे काढून देते, यावर आमच्या ‘शून्य तासाचा’ अर्थ ठरत होता. त्या मुलीला मी त्या दिवशी पूर्ण गुण दिले आणि तिची वही अजून माझ्या कपाटात आहे.

म्हणून मी म्हणतो की गर्डन यांच्या कामाचा प्रभाव बघायचा असेल तर १० कडे बघण्याआधी ७२६ कडे बघा. दहावरून त्यांनी निष्कर्ष काढला की आतड्याच्या पेशीच्या केंद्रकात अख्खा बेडूकमासा घडवण्याजोगे सगळे शिल्लक असते. निष्कर्ष तर्काने बिनतोड होता, कारण एक जरी खरा बेडूकमासा निघाला तरी ‘कधीच होत नाही’ हे खोटे ठरते. आणि तो बेडूकमासा खरा आहे हे ठिपका सांगत होता. तरीही ब्रिग्ज आणि किंग यांचे नाव मोठे, गर्डन नुकतेच पीएच.डी. झालेले, त्यामुळे शंका येत राहिल्या. त्यांतली एक चांगली होती: बेडूकमाशाच्या आतड्याच्या आसपास जननपेशींचे पूर्वज फिरत असतात, मग चुकून तीच केंद्रके उचलली गेली नसतील कशावरून? गर्डन यांनी वाद घातला तो प्रयोगाने. १९६६ साली आतड्याच्याच केंद्रकांपासून झालेले, प्रजननक्षम बेडूक दाखवले. १९७५ साली, रॉन लास्की आदी सहकाऱ्यांबरोबर, प्रौढ बेडकाच्या कातडीच्या, केराटिन (कातडीला कठीण करणारे प्रथिन) बनवायला लागलेल्या पेशींची केंद्रके घेऊन बेडूकमासे मिळवले. इथे एक मर्यादा सेमिनारमध्ये आवर्जून सांगा. प्रौढ पेशीच्या केंद्रकापासून गर्डन यांना बेडूकमाशापर्यंतच जाता आले, प्रौढ बेडूक मिळाला नाही. ती पायरी गाठली ती १९९६ साली जन्मलेल्या डॉली मेंढीने, आणि तिथेही २७७ जुळवलेल्या अंड्यांतून ती एकटीच आली होती.

आणि उरलेली ७१६? माझ्या मते या माणसाच्या कारकिर्दीचा खरा आकार तिथे दिसतो. बरेच संशोधक तरुणपणी एक मोठी गोष्ट दाखवतात आणि मग त्या दहाच्या भाषणांवर आयुष्य काढतात. गर्डन यांनी साठी-सत्तरीनंतर न झालेल्या ७१६ अंड्यांचाच प्रश्न हाती घेतला: केंद्रक परत मागे जायला एवढे नाखूष का असते? त्यातून पेशीच्या ‘आठवणी’चे काम निघाले. स्नायूच्या पेशीचे केंद्रक अंड्यात घालून वाढवले तर त्यापासून झालेल्या भ्रूणाच्या भलत्याच भागांतही स्नायूचे जनुक जागेच राहते. आधीच्या नोकरीची सवय जावी तशी जात नाही. २००८ साली त्यांनी आणि एन्ग यांनी ही आठवण डीएनए गुंडाळणाऱ्या हिस्टोन प्रथिनाच्या एका विशिष्ट प्रकाराशी जोडून दाखवली. प्रौढ पेशीला मागे न्यायचे म्हटले की हा अडथळा वाटेत येतोच, त्यामुळे मूळ पेशींवर (ज्यांच्यापासून इतर प्रकारच्या पेशी घडतात) काम करणाऱ्यांना हे निबंध वाचावे लागतात.

मधल्या काळातले काम मी भराभर सांगतो, कारण त्यातल्या प्रत्येक गोष्टीवर स्वतंत्र सेमिनार होईल. तो एक ठिपक्याचा बेडूक नुसती खूण म्हणून राहिला नाही. दोन एक-ठिपकेवाल्यांची वीण केली की काही पिल्ले बिनठिपक्याची निघतात. १९६४ साली डोनाल्ड ब्राउन यांच्याबरोबर गर्डन यांनी दाखवले की ही पिल्ले नवा रायबोसोमल आरएनए (पेशीतल्या प्रथिने बनवणाऱ्या यंत्रणेचा भाग) बनवूच शकत नाहीत आणि आईने अंड्यात ठेवलेल्या शिदोरीवर काही दिवस जगून मरतात. न्यूक्लिओलस कशासाठी असतो, या प्रश्नाचे ते उत्तर होते. १९८८ साली त्यांनी ‘समुदाय-परिणाम’ मांडला: पुरेसे शेजारी सोबत असल्याशिवाय पेशी स्नायू व्हायला धजत नाही. १९९४ साली ॲक्टिव्हिन या संदेशद्रव्याचे कमी-अधिक प्रमाण पेशी कसे ओळखते, हे दाखवले.

१९७१ सालच्या एका निबंधावर मात्र थांबा, कारण तुमच्या यादीत तो खालच्या बाजूला कुठेतरी पडला आहे. गर्डन आणि सहकाऱ्यांनी सशाच्या रक्तपेशींतला, हिमोग्लोबिनचे प्रथिन घडवणारा संदेशवाही आरएनए (एम-आरएनए) काढला आणि तो बेडकाच्या न पिकलेल्या अंडपेशीत टोचला. अंडपेशीने निमूटपणे सशाचे हिमोग्लोबिन-प्रथिन बनवले. जिवंत पेशीत बाहेरचा एम-आरएनए टाकला तर पेशी तो आपलाच समजून वाचते, हे यातून स्पष्ट झाले, आणि झेनोपसची अंडपेशी ही जगभर एक प्रकारची जिवंत परीक्षानळी बनली. गर्डन यांच्याकडे पीएच.डी. केलेले डग्लस मेल्टन यांनी १९८४ साली पॉल क्रीग यांच्याबरोबर हव्या त्या जनुकाचा एम-आरएनए परीक्षानळीत बनवायची पद्धत दिली, आणि तो आरएनए काम करतो की नाही हे तपासले तेही या अंडपेशीतच. कोविडच्या एम-आरएनए लसींमागे जी लांब साखळी आहे, तिच्यात या दोन कड्या आहेत. आपल्यापैकी बहुतेकांना कोव्हिशील्ड मिळाली, ती त्या जातीची नव्हे. पण ते असो.

प्रभाव हा शब्द वापरायचाच असेल तर त्याचा माग असा काढावा लागतो. निबंधाचा उल्लेख किती जणांनी केला, एवढ्यावर न थांबता त्यातली कोणती युक्ती, कोणती खूण, कोणता प्राणी इतरांच्या हातात गेला आणि त्या हातांनी पुढे काय केले, ते बघावे. गर्डन यांच्या प्रयोगशाळेत शिकून गेलेले आणखी एक नाव एडी डी रॉबर्टिस. त्यांच्या गटाने १९९१ साली झेनोपसच्या ब्लास्टोपोरच्या त्याच वरच्या ओठात काम करणारे गूसकॉइड हे जनुक वेगळे काढले आणि १९९४ साली कॉर्डिन. मांगोल्ड यांनी १९२४ मध्ये जो तुकडा हाताने उचलून ठेवला होता, त्याच्या कामातला वाटा आता रेणूच्या नावाने सांगता येऊ लागला. सायटेशनच्या आकड्यात ही वंशावळ दिसत नाही. तुम्ही तिचा एक तक्ता केलात तर तुमच्या सेमिनारला ती एकच गोष्ट पुरेल.

पुरस्कारांबद्दल तुम्ही विचारले आहे. गर्डन यांना नोबेल मिळाले २०१२ साली, १९६२ च्या निबंधानंतर बरोबर पन्नास वर्षांनी, आणि शिन्या यामानाका यांच्याबरोबर. यामानाका यांचा जन्म १९६२ चाच. त्यांनी आणि ताकाहाशी यांनी २००६ साली दाखवले की उंदराच्या प्रौढ पेशीत चार जनुके घातली की ती भ्रूणातल्या मूळ पेशीसारखी होते. अंड्याचीही गरज उरली नाही. गर्डन यांचा जुना निबंध पुन्हा उजेडात आला तो डॉली आणि यामानाका यांच्यामुळे. मधली कित्येक वर्षे तो ज्यांना हवा होता तेवढेच लोक वाचत होते आणि त्या काळातल्या आकड्यांवरून कोणी त्याची किंमत केली असती तर फसगतच झाली असती. केंब्रिजमधल्या ज्या संस्थेच्या स्थापनेत त्यांचा हात होता, तिला २००४ पासून त्यांचेच नाव आहे, आणि नोबेलनंतरही ते तिथे रोज कामाला जात. २०२५ च्या ऑक्टोबरात, ९२ व्या वर्षी ते गेले. हे सगळे एका स्लाइडवर बसते आणि ती शेवटची असावी.

राहता राहिला गोव्याचा प्रश्न. गर्डन यांचा निबंध छापून आला तेव्हा गोवा मुक्त होऊन वर्ष होत होते, आणि पणजीचे धेंपे व मडगावचे चौगुले ही महाविद्यालये त्याच १९६२ साली उघडली होती. म्हणून मागे पडल्याची खंत करण्यात अर्थ नाही. तेव्हा इथे शर्यतच सुरू व्हायची होती. पुण्यात लीला मुल्हेरकर यांनी एडिंबरोला भ्रूणशास्त्रज्ञ वॉडिंग्टन यांच्याकडे घेतलेली विद्या आणून कोंबडीच्या भ्रूणांवर काम उभे केले. आम्ही जे कात्री आणि कागदाचे कडे घेऊन बसतो, त्याला महागडे काही लागत नाही, हे मला तिकडच्या मंडळींकडूनच उमगले.

आणि गोव्याशी नाते असलेले उदाहरण हवे तर वेरोनिका रॉड्रिग्ज यांचे घ्या. केनियात १९५३ साली एका गोमंतकीय कुटुंबात जन्म, डब्लिनला शिक्षण, आणि तिथे जनुकशास्त्रज्ञ ओबेद सिद्दिकी यांचे काम वाचून त्यांनी थेट मुंबईला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत पीएच.डी.साठी यायचे ठरवले. लोक शिकायला उलट दिशेने जात होते तेव्हाची ही गोष्ट आहे. १९७८ साली सिद्दिकी यांच्याबरोबर त्यांनी वास नीट न ओळखणाऱ्या फळमाश्यांची उत्परिवर्तने वेगळी केली आणि हा निबंध भारतातल्याच नियतकालिकात छापला. त्यासाठी वापरलेले उपकरण म्हणजे इंग्रजी वाय अक्षराच्या आकाराची काचेची नळी: एका फाट्यात वास, दुसऱ्यात नाही, आणि किती माश्या कुठे गेल्या ते मोजायचे. पुढे वास मेंदूतल्या कोणत्या गाठीपर्यंत पोचतो याचा नकाशा, आणि त्याहून आपल्या विषयाच्या जवळचे म्हणजे माशीच्या स्पर्शिकेवर वासाची इंद्रिये घडतात कशी, कोणत्या जनुकामुळे कोणत्या प्रकारचे इंद्रिय होते, हे काम त्यांनी मुंबईत आणि नंतर बेंगळुरूला केले. २०१० साली त्या गेल्या, पण त्यांच्या हाताखाली तयार झालेली मंडळी आज ठिकठिकाणी हेच प्रश्न घेऊन बसली आहेत. त्यांच्या एच-इंडेक्सची गर्डन यांच्याशी तुलना करण्याचा मोह आवरा. माशी आणि बेडूक यांच्या वाचकांची संख्याच वेगळी असते.

इथे बेडूक चिरण्याचा विचारही करू नका. आपले मोठे बेडूक ‘जंपिंग चिकन’ या नावाने खाल्ले जाऊन बरेच संपले आहेत आणि त्यांना हात लावणे वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. पण बघायला आणि नोंदवायला कोणी अडवत नाही. सह्याद्रीकडच्या पट्ट्यात, चोर्ल्याला किंवा मोलेला, जूनमध्ये डबक्यावर झुकलेल्या फांदीवर उडत्या बेडकाचा पांढरा फेस लोंबताना दिसतो. आत अंडी असतात आणि पिल्ले तयार झाली की टपाटप खाली पाण्यात पडतात. गोव्याच्या नावाचा, गोमंतकी म्हणून ओळखला जाणारा एक छोटा बेडूक तर २०१५ साली शास्त्राच्या दफ्तरी लागला. एका फेसाच्या गोळ्याखाली दहा दिवस रोज ठरलेल्या वेळी जाऊन तापमान, पाऊस आणि पडलेली पिल्ले लिहून ठेवली तरी प्रबंधाची सुरुवात होते. प्रयोगशाळेत हात बसवायला कोंबडीची अंडी आहेतच. गावठी घ्यायची असतील तर पाऊस लागून हवा गार झाल्यावर घ्या, सकाळी लवकर जाऊन त्याच दिवशीची मागा, प्रत्येक अंड्यावर पेन्सिलीने आकडा घाला, आणि कोणते कुठल्या टोपलीतले ते घरी येण्याआधीच वहीत लिहा.